त्रेसष्ट टक्के

रात्री साडेअकराला पहिल्यांदा पडलं,
त्रेसष्ट टक्क्यांवर.
निळा पडदा, त्यावर आडवं झालेलं रडकं तोंड
आणि खाली एक ओळ, काहीतरी बिघडलंय अशा अर्थाची.
एवढं मलाही दिसत होतं.

लक्ष्मीपुरीत वीस वर्षं पत्रिका छापतेय मी,
लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, उत्तरकार्याच्या.
जुनं मशीन दिवाळीत गेलं,
धूर नाही, आवाज नाही, झोपेत जावं तसं.
म्हणून हे नवं.
राजारामपुरीतल्या तीन दुकानांत घासाघीस करून
एकेक भाग मीच निवडला,
जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून जोडला.
शेवटी एक स्क्रू शिल्लक राहिला,
तेव्हाही घाबरले नाही.

दुसऱ्यांदा एकोणीसवर.
तिसऱ्यांदा एक्क्याऐंशीवर,
म्हणजे पुरती आशा लावून.
इर्शाद अत्तार फोनवर म्हणाला, पेनड्राईव्ह बदला, विजयाताई.
बदलला. बेचाळीस.
डिस्क काढून परत बसवा.
बसवली. सात.
मग त्यानं जांभई दिली
आणि उद्या दुकानात घेऊन या म्हणाला.
एकाच जागी पडलं असतं तर खड्डा तरी सापडला असता.
हे कुठंही पडत होतं, पिलेल्या माणसागत.

साडेबाराला वरचे आप्पासो मेस्त्री
उद्यमनगरातून सेकंड शिफ्ट करून आले.
दिवा बघून दारातच थांबले, हातात डबा.
लेथच्या बेडवर ठेवावा तसा
कॅबिनेटवर पंजा ठेवला.
"गरम न्हाई."
मग कान लावला.
"आवाज बी सरळ हाय. एकेक काढून बघा की, वैनी."

रॅमच्या दोन पट्ट्या.
पहिली एकटी तपासली: एकही चूक नाही.
दुसरी एकटी: एकही नाही.
दोघी शेजारी बसवल्या
आणि पडदाभर लाल ओळी, मोजता येईनात.
एकीचा वेग छत्तीसशे, दुसरीचा बत्तीसशे,
दुकान वेगळं, कंपनी वेगळी.
चारशे रुपये वाचतात म्हणून
ही सोयरीक मीच जुळवलेली.

"आन् चालवताय कितीवर?"
छत्तीसशेवर.
"नव्या जॉबला पहिल्याच कटला फुल्ल स्पीड देतंय व्हय कोण?
टूल बोंबलतंय."

मग मशीनच्या त्या आतल्या पानात शिरले,
जिथं माऊस आधी उमटतच नव्हता.
बाणाच्या बटणानं खाली, खाली, अजून खाली.
छत्तीसशे पुसलं.
दोन हजार सहाशे सहासष्ट.
हात थरथरला.
पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा
मी एका दमात टाईप केली होती.

त्रेसष्ट आलं तेव्हा आप्पासोंनी डबा खाली ठेवला.
चौसष्ट.
एक्क्याऐंशीवर बराच वेळ थबकलं.
मी उठायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दमानं."

शंभर झाल्यावर पडदा काळा पडला,
इतका वेळ काळाच राहिला
की मला त्यात हप्त्याच्या तारखा दिसायला लागल्या.
मग उजळला, आणि विचारू लागला:
देश कोणता, कीबोर्ड कोणता,
या मशीनला काय म्हणायचं.
मराठी अजून त्याच्यात उतरलेली नव्हती,
परक्या अक्षरांतच लिहिलं: निवांत.
आप्पासो जिन्यावर हसले आणि झोपायला गेले.

खालून किटल्या वाजवत दुधाची पहिली सायकल गेली
तेव्हा मगदूमांची पत्रिका उघडली,
पाचशे प्रती, आज संध्याकाळी हव्यात.
वराच्या नावाच्या जागी चौकोन.
वधूच्या जागी चौकोन.
मामा, आत्या, आग्रहाचं निमंत्रण, सगळे चौकोन
ओळीनं पाहुण्यांसारखे बसलेले.
फक्त वरचा गणपती जागच्या जागी,
कारण तो चित्र होता.

चहा टाकला,
आणि फॉन्टची जुनी सीडी शोधायला लागले.
नव्या मशीनला सीडी घालायला जागाच नाही,
हे आधण आल्यावर लक्षात आलं.